उघडें साधन, झांकलेलें घर

ऊन, पाऊस आणि श्वापदें यांपासून रक्षण व्हावें म्हणून मनुष्यानें घराला भिंती घातल्या, असें सामान्यतः समजलें जातें. परंतु ऊनपावसासाठीं छप्पर पुरेसें होतें आणि श्वापदांसाठीं कुंपण. भिंतीचें कार्य याहून निराळें आहे. आपण कोणास दिसावें, केव्हां दिसावें आणि किती दिसावें हें ठरविण्याचा अधिकार भिंतीमुळें माणसाच्या हातीं येतो. खिशांत मावणाऱ्या एका कांचेच्या पेटीच्या मोबदल्यांत हा अधिकार आपण गमावून बसलों आहों काय, आणि गमावला असल्यास तो परत मिळविण्याचा सभ्य गृहस्थास शोभेल असा मार्ग कोणता, या प्रश्नाचा विचार येथें करावयाचा आहे.

दक्षिण कोंकणांत कर्ली नदीच्या कांठीं वालावल नांवाचें गांव आहे. लक्ष्मीनारायणाचें देऊळ आणि त्याला लागून असलेला तलाव यांमुळें कुडाळ तालुक्यांतील हें गांव अनेकांस ठाऊक असेल. या बाजूच्या गांवांतील जुनें घर पाहिलें म्हणजे पूर्वजांनीं खाजगीपणाचें शास्त्र लिहून न ठेवतां बांधून ठेविलें होतें असें वाटतें. गडग्याच्या आंत खळें; तेथपर्यंत कोणींही यावें. पडवीवर ओळखीच्या माणसानें टेकावें. ओटीवर पाहुण्यास पानसुपारी मिळावी. माजघरांत आप्तांनींच पाऊल टाकावें, आणि कोठीच्या खोलीशीं घरच्यांखेरीज कोणाचा संबंध असूं नये. एकाच घरांत विश्वासाच्या इतक्या पायऱ्या, आणि प्रत्येक पायरीवर कोणास थांबवावयाचें तें ठरविणारा घरधनी.

यावर कोणी म्हणेल कीं, खेड्यांत कसला आला आहे खाजगीपणा? कोणाकडे मुंबईहून कोण आलें, कोणाच्या घरीं आज काय शिजलें, कोणाचें जमलेलें लग्न कां मोडलें, हें तिन्हीसांजेच्या आंत साऱ्या वाडीला कळलेलें असतें. हें खरें आहे, आणि तें नाकारण्याचें कारण नाहीं. परंतु त्या पाहण्यांत एक न्याय आहे. जो शेजारी आमच्या खळ्यांत डोकावतो त्याचें खळेंही आमच्या नजरेच्या टप्प्यांत असतें. त्यानें आमची नाचक्की केली, तरी शिमग्यांत मांडावर त्याला आमच्याच शेजारीं उभें राहावयाचें असतें, आणि अडीअडचणीला गडग्यावरून आम्हांलाच हांक मारावयाची असते. पाहणारा स्वतःही दिसत असतो, म्हणून त्याच्या पाहण्याला लाज असते. शिवाय गांवाची स्मृति ही माणसांची स्मृति. ती झिजते, विसरते, आणि कधींकधीं क्षमाही करते.

मोबाईल फोनानें ही समता मोडली. इंग्रज तत्त्वज्ञ जेरेमी बेंथॅम यानें १७९१ सालीं एका तुरुंगाची योजना प्रसिद्ध केली होती. मध्यें मनोरा, भोंवतीं वर्तुळाकार कोठड्या. मनोऱ्यांतील पहारेकऱ्यास प्रत्येक कैदी दिसावा, परंतु पहारेकरी या क्षणीं पाहात आहे कीं नाहीं हें एकाही कैद्यास कळूं नये. त्या तुरुंगांत आपण होऊन कोणी पाऊल टाकलें नसतें. आम्ही मात्र तो मनोरा विकत घेतों, रात्रीं उशाशीं ठेवतों, आणि सकाळीं उठल्यावर देवाच्या आधीं त्याचें दर्शन घेतों. आपला फोन कोणती माहिती कोणास देतो हें आपणांस दिसत नाहीं. आपण मात्र त्याला अखंड दिसत असतों.

हें बोलणें अतिशयोक्तीचें वाटूं नये म्हणून एक साधें उदाहरण देतों. फोनाच्या दिव्याची विजेरी करणारें एक ॲप अमेरिकेंत कोट्यवधि वेळां फुकट उतरवून घेतलें गेलें होतें. तें ॲप फोनाचें ठिकाण आणि त्याची ओळखखूण जाहिरातवाल्यांकडे पोंचवीत होतें, आणि ही गोष्ट वापरणाऱ्यांस नीट सांगितली गेली नव्हती, असा आरोप तेथील फेडरल ट्रेड कमिशननें केला; २०१३ सालच्या डिसेंबरांत कर्त्यानें तडजोड पत्करली. काळोख्या रात्रीं पाणंदींतून घरीं जाणाऱ्याला पायाखालची वाट दाखवावी, एवढेंच विजेरीचें काम. ही विजेरी वाट दाखवीत होती खरी, परंतु वाटसरू कोणत्या वाटेनें चालला आहे हें भलत्यालाच कळवीतही होती.

महाभारताच्या आदिपर्वांत या प्रसंगाचें एक प्राचीन चित्र आढळतें. वारणावतांत पुरोचनानें पांडवांसाठीं बांधलेलें घर सुंदर होतें, सोयीचें होतें, आणि त्यासाठीं पांडवांना एक कवडीही मोजावी लागली नव्हती. परंतु त्या घरांत शिरतांच युधिष्ठिराला भिंतींतून तुपाचा आणि लाखेचा वास आला. तो सावध झाला याचें कारण, निघतेवेळीं विदुरानें इतरांस न उमजेल अशा भाषेंत त्याला इशारा दिला होता. या कथेंत दोन धडे आहेत. दुसऱ्यानें फुकट बांधून दिलेल्या घराची भिंत कशाची आहे हें राहणाऱ्यानें तपासून पाहावें, हा पहिला. दुसरा धडा, ‘लपविण्यासारखें कांहीं नसेल तर भीति कसली?’ असें विचारणाऱ्यांसाठीं आहे. पांडवांजवळ लपविण्यासारखें कोणतें पाप होतें? तरीही विदुराचें तें गुप्त बोलणें सर्वांना समजेल अशा भाषेंत झालें असतें, तर सहा निरपराध जीव आगींत गेले असते.

गुपित आणि पाप यांची ही गल्लत फार जुनी आहे. माणूस दार लावून स्नान करतो तें कांहीं चोरी केली म्हणून नव्हे. आजाराचें निदान, कर्जाची चिंता, मुलीच्या स्थळाची बोलणीं, न पाठविलेलें पत्र, यांत लाजिरवाणें असें कांहीं नाहीं. आणि तरीही तीं चारचौघांत मांडण्याची सक्ति कोणीं केली तर तो जुलूम ठरेल. आपल्या न्यायसंस्थेलाही हें मान्य होण्यास वेळ लागला. खरकसिंगाच्या खटल्यांत १९६२ सालीं सर्वोच्च न्यायालयानें पोलिसांच्या रात्रींच्या घरभेटी बेकायदा ठरविल्या, परंतु खाजगीपणा हा स्वतंत्र मूलभूत हक्क मानला नाहीं. पुढें निवृत्त न्यायमूर्ति पुट्टस्वामी यांच्या प्रकरणांत २४ ऑगस्ट २०१७ रोजीं नऊ न्यायमूर्तींनीं एकमतानें सांगितलें कीं, घटनेच्या एकविसाव्या कलमांतील जीविताच्या व व्यक्तिस्वातंत्र्याच्या हक्कांतच हा हक्क सामावलेला आहे. २०२३ सालीं व्यक्तिगत माहितीच्या रक्षणाचा कायदाही झाला. परंतु त्याच कायद्यानें सरकारी यंत्रणांस सूट देण्याची मुभाही ठेविली आहे; आणि घरमालकानें दार उघडें टाकलें असतां केवळ कायदा त्याच्या घराला कडी लावूं शकत नाहीं.

मग दाराला कडी लावावयाची ती कोणती? येथें मुक्त सॉफ्टवेअरचा विचार येतो. ॲप म्हणजे यंत्राला दिलेल्या आज्ञांची एक लांबलचक माळ. माणसानें लिहिलेल्या आणि माणसाला वाचतां येणाऱ्या त्या मूळ आज्ञांना सोर्स कोड म्हणतात. बहुतेक कंपन्या त्या मूळ आज्ञा आपल्या तिजोरींत ठेवतात, आणि फक्त यंत्राला कळेल असें त्यांचें रूपांतर आपल्या हातीं देतात. अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या प्रयोगशाळेंत रिचर्ड स्टॉलमन यांना एका छपाईयंत्राची आज्ञावली सुधारावयाची होती. मूळ आज्ञा दाखविण्यास नकार मिळाला. तो नकार त्यांना केवळ गैरसोयीचा वाटला नाहीं, अनीतीचा वाटला. १९८३ सालीं त्यांनीं ग्नू या कार्याची घोषणा केली आणि पुढें चार स्वातंत्र्यें सांगितलीं: साधन हव्या त्या कामासाठीं वापरण्याचें, तें वाचून हवें तसें बदलण्याचें, दुसऱ्यास देण्याचें, आणि आपण बदललेलें रूपही दुसऱ्यास देण्याचें. इंग्रजींत या दोन निराळ्या कल्पनांस एकच शब्द असल्यामुळें त्यांना जन्मभर खुलासा करावा लागला. मराठी वाचकास तो नको. ‘मुक्त’ आणि ‘फुकट’ यांतील भेद आपली भाषाच जाणते. लाखेचें घर फुकट होतें, मुक्त नव्हतें.

आतां व्यवहाराकडे वळूं. मराठी लिहिणाऱ्यानें प्रथम विचार करावा तो कळफलकाचा. आपला संदेश वाटेंत कितीही कुलुपांतून गेला तरी त्याचें प्रत्येक अक्षर प्रथम कळफलकाच्या डोळ्यांखालून जातें. परवलीचे शब्दही त्यावरच उमटतात. हेलीबोर्ड नांवाचा मुक्त कळफलक इंटरनेटची परवानगी मागतच नाहीं. म्हणजे त्याला कळलें तरी सांगावयास तोंडच नाहीं. भारतीय भाषांसाठीं केरळांतील स्वतंत्र मलयाळम् कॉम्प्युटिंगच्या परिवारांतून निघालेला इंडिक कीबोर्डही याच जातीचा आहे. मराठीसारख्या भाषांचें काम व्यापाऱ्यांनीं पुढें ढकललें तरी तें कोणींतरी प्रेमानें हातीं घेऊं शकतो, हा मुक्तपणाचा आणखी एक लाभ.

दुसरी गोष्ट नकाशाची. ओपनस्ट्रीटमॅप हें कार्य स्टीव्ह कोस्ट यांनीं २००४ सालीं इंग्लंडांत सुरू केलें. जगभरच्या हौशी माणसांनीं आपापल्या गांवचे रस्ते, ओहोळ, विहिरी त्यांत भरल्या, आणि त्यावर ऑर्गॅनिक मॅप्स, ऑस्मअँड अशीं ॲप्स उभीं राहिलीं. जिल्ह्याचा नकाशा एकदां फोनांत उतरवून ठेवला कीं इंटरनेट नसतांही तो वाट दाखवितो. १६ मे २०२१ रोजीं तौक्ते वादळ कोंकण किनाऱ्यावरून गेलें तेव्हां सिंधुदुर्गांत वीज आणि फोन यांची दैना झाली होती. अशा वेळीं फोनांतच असलेल्या नकाशाची किंमत कळते. आणि ज्या पाणंदीचा मोठ्या कंपनीस कांहीं उपयोग नाहीं, ती पाणंद त्या नकाशांत भरण्याचा अधिकार वालावलच्या शाळकरी मुलालाही आहे. येथें आपण केवळ पाहिले जात नाहीं, आपणही लिहितों.

तिसरी गोष्ट संभाषणाची. व्हॉट्सॲपवरील मजकूर बंद लखोट्यांतून जातो, आणि त्या लखोट्याची रीत सिग्नल या मुक्त ॲपच्या कर्त्यांनींच बसविलेली आहे, हें न्यायानें सांगितलें पाहिजे. परंतु लखोटा बंद असला तरी तो कोणीं कोणास, किती वाजतां, किती वेळां धाडला, हें टपालवाल्यास कळतेंच. आणि पुष्कळदां माणसाचें गूज मजकुरापेक्षां याच हिशेबावरून उघड होतें. सिग्नल ही टिपणें शक्य तितकीं ठेवीतच नाहीं. २०१६ सालीं अमेरिकेंतील एका ग्रँड ज्युरीनें त्यांच्याकडे एका खात्याची माहिती मागितली, तेव्हां खातें केव्हां उघडलें आणि शेवटचें केव्हां जोडलें गेलें या दोन गोष्टींपलीकडे देण्यासारखें त्यांच्याजवळ कांहीं नव्हतें. न सांगण्याची शपथ घेणारा मित्र चांगला. परंतु सांगण्यासारखें ठाऊकच नसणारा दूत त्याहून सुरक्षित.

उरलेल्या साधनांचा उल्लेख थोडक्यांत पुरे. जालावर फिरण्यास फायरफॉक्स, परवलीचे शब्द जपण्यास कीपासडीएक्स, गाणीं व चित्रपट यांस फ्रान्सांतील विद्यार्थ्यांच्या उद्योगांतून वाढलेलें व्हीएलसी. आणि हीं व असलीं बहुतेक साधनें जेथें मिळतात तें एफ-ड्रॉइड नांवाचें दुकान २०१० पासून चालू आहे. तें मुक्त ॲप्सच ठेवतें, आणि एखाद्यांत ग्राहकाच्या हिताविरुद्ध कांहीं असल्यास तशी पाटी लावतें. आपल्याच मालावर उणेपणाची पाटी लावणारा दुकानदार बाजारपेठेंत विरळाच.

आतां सर्वांत कठीण आक्षेप. ‘मूळ आज्ञा उघड्या आहेत हें ठीक, परंतु आम्हांला त्या कोठें वाचतां येतात?’ प्रश्न रास्त आहे. देवस्थानाचा हिशेबही प्रत्येक गांवकरी वाचीत नाहीं. परंतु तो कोणींही केव्हांही मागूं शकतो, या जाणिवेनें लिहिणाऱ्याचा हात सरळ राहातो. हा धाक पुरेसा असतो असें मात्र आम्ही म्हणत नाहीं. २०१४ सालीं उघडकीस आलेला हार्टब्लीड हा दोष ओपनएसएसएल या मुक्त आज्ञावलींत दोन वर्षें सर्वांच्या डोळ्यांदेखत होता. वाचण्याचा हक्क सर्वांना होता आणि वाचलें कोणींच नव्हतें. २०२४ सालच्या मार्चांत याहूनही विचित्र प्रकार घडला. एक्सझेड नांवाच्या एका आज्ञावलींत, दोन वर्षांहून अधिक काळ मदतनीस म्हणून विश्वास संपादन केलेल्या इसमानें चोरदरवाजा बसविला होता. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्यास एका यंत्राचा प्रवेश अर्ध्या सेकंदानें मंदावल्यासारखा वाटला, तो कारण शोधीत गेला, आणि चोरी उघड झाली. मुक्तपणा म्हणजे सचोटीची हमी नव्हे, एवढें यावरून शिकावें. परंतु शंका आलेल्या परक्या माणसासही मुळापर्यंत जातां आलें, हेंही विसरूं नये. बंद तिजोरीपाशीं तो शंका घेऊन उभाच राहिला असता.

शिवाय मुक्तपणांत आणखी एक उपाय आहे, तो म्हणजे वेगळी चूल मांडण्याचा. सिंपल मोबाईल टूल्स नांवाचीं साधीं, जाहिरातविरहित ॲप्स पुष्कळांच्या आवडीचीं होतीं. २०२३ च्या अखेरीस तीं एका कंपनीस विकलीं गेलीं. मूळ आज्ञा मुक्त असल्यामुळें त्यांवर काम करणाऱ्यांपैकीं कांहींनीं त्यांची प्रत घेऊन फॉसिफाय या नांवानें तेंच काम पुढें चालविलें. मालक बदलला तरी वापरणारे गहाण पडले नाहींत.

साधन उघडें केलें तर चोराला त्याचें मर्म कळेल, ही भीति शास्त्रीय दृष्ट्या फोल आहे. ऑगस्ट केर्कहॉफ्स या भाषापंडितानें १८८३ सालींच लिहून ठेविलें कीं, गुप्तलेखनाची पद्धति शत्रूच्या हातीं पडली तरी बिघडूं नये. गुप्त राहावी ती किल्ली. सरकारसही हें तत्त्व परकें नाहीं. आरोग्यसेतु हें ॲप २ एप्रिल २०२० रोजीं निघालें, त्याच्या नजरेविषयीं शंका उठल्या, आणि २६ मे रोजीं त्याच्या अँड्रॉइड रूपाच्या मूळ आज्ञा प्रसिद्ध करण्यांत आल्या. प्रजेकडे पाहावयाचें असेल तर आपणही दिसलें पाहिजे, या न्यायाची ती कबुलीच होती. परंतु २०२३ च्या मे महिन्यांत ब्रायर आणि एलिमेंट या मुक्त ॲप्ससह चौदा संदेश-ॲप्सवर सरकारनें बंदी घातली. काश्मिरांतील दहशतवादी त्यांचा उपयोग करतात हें कारण देण्यांत आलें. दहशतीचें दुःख ज्यांनीं भोगलें त्यांच्यापुढें हा प्रश्न हलका करून मांडूं नये. तथापि कुलूप चोरही वापरतो म्हणून गांवांतील कुलुपें जप्त केलीं, तर चोर दुसरें कुलूप मिळवितो, आणि उघडीं राहातात तीं गृहस्थांचीं दारें.

या मार्गाच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. बँकेचें ॲप बंद आहे, पैसे देण्याघेण्याचें बंद आहे, आणि बहुतेक अँड्रॉइड फोनांत मुळाशीं असलेल्या मुक्त आज्ञांवर गूगलच्या बंद सेवांचा थर आहे. ज्याची मासळी व्हॉट्सॲपच्या निरोपावर विकली जाते त्याला तें सोडण्याचा उपदेश करणें निष्ठुरपणाचें होईल. सर्व गांव जेथें जमतो तेथून उठून जाण्याची किंमत सर्वांना सारखी नसते. म्हणून ज्यांत दुसऱ्याच्या संमतीची गरज नाहीं तेथून आरंभ करावा. कळफलक, विजेरी, नकाशा, छायाचित्रांची पेटी हीं आजच बदलतां येतात. मग घरांतल्या घरांतील बोलणें न्यावें. बाकीचें बाजारांत राहिलें तरी बाजारांतील बोलणें बाजारांत आणि माजघरांतील माजघरांत, एवढा विवेक तरी परत येईल.

कोणी म्हणेल, आम्हांला आमच्या खाजगीपणाची पर्वा नाहीं; तो आम्हीं सोयीसाठीं दिला. स्वतःचें देण्याचा अधिकार कोण नाकारील? परंतु फोनांत आपलें स्वतःचें असें असतें किती? त्यांत नांवें आणि क्रमांक असतात ते दुसऱ्यांचे. मित्रानें आजाराविषयीं पाठविलेला कागद असतो, बहिणीनें संसारांतील दुःख सांगितलेलें असतें, विद्यार्थ्यानें विश्वासानें विचारलेलें असतें, लहान मुलांचीं छायाचित्रें असतात. आणि त्या मुलांना तर कोणीं विचारलेंही नसतें. एखादें ॲप ‘संपर्कांची यादी पाहूं द्या’ म्हणतें आणि आपण न वाचतां होकार देतों, तेव्हां त्या सर्वांच्या वतीनें आपण सही करीत असतों. हें धन आपलें नव्हे, आपल्यापाशीं ठेवलेली ठेव आहे. आपल्याकडे ठेवीचा धर्म स्पष्ट आहे: स्वतःचें सोनें माणसानें वाटेल तसें टाकावें, परंतु दुसऱ्याची पुरचुंडी ज्या पेटींत ठेवावयाची तिचा तळ आधीं चांचपून पाहावा.

म्हणून साधनाची निवड ही केवळ आवडीची किंवा यंत्रकुशलतेची बाब आहे असें आम्हांस वाटत नाहीं. ज्यानें आपल्यावर विश्वास टाकला त्याला आपण कोणाच्या स्वाधीन करतों, हा तिच्यांतील खरा प्रश्न आहे. ज्या साधनाचें अंतरंग जगाला पाहतां येतें, त्याच्याच हातीं आपल्या माणसांचें अंतरंग देण्यांत शहाणपण आहे, आणि थोडें सौजन्यही.